यंत्राने कोणाचे कष्ट वाचवायचे?

५०२ मधून १७८ वजा करायला सांगितलं की वर्गात दोन चुकीची उत्तरं हमखास सापडतात : ४७६ आणि ४२४. वहीत दोन्हींवर सारखीच लाल फुली पडते. पण त्या फुल्यांमागे दोन वेगळी डोकी चालत असतात. ४७६ लिहिणारं मूल प्रत्येक घरात मोठ्या अंकातून लहान अंक वजा करतंय. आठातून दोन गेले सहा, सातातून शून्य गेलं सात, पाचातून एक गेला चार. वर कोण आणि खाली कोण याच्याशी त्याला देणंघेणं नाही. ४२४ लिहिणाऱ्याला हातचा कळलेला आहे. बारातून आठ गेले, चार उरले. दशकाच्या शून्याचे त्याने नऊ केले, तेही बरोबर. ते नऊ करायला शतकाच्या पाचातून एक उचलावा लागतो, एवढंच राहून गेलं. दुसऱ्याचं काम दोन मिनिटांत होतं. पहिल्याला एकक-दशकापासून, काड्यांच्या जुड्या सोडण्यापासून सुरुवात करावी लागते. दोघांनाही तोच धडा पुन्हा समजावला, तर एकाला तो अपुरा पडतो आणि दुसरा कंटाळतो.

हे शिक्षकांना माहीत नसतं असं मुळीच नाही. पण ४० वह्या, एकेकीला दोन मिनिटं, म्हणजे ८० मिनिटं. आणि ती एका वर्गाची, एका विषयाची. त्यामुळे फुली पडते आणि फुलीमागचं डोकं बघायचं राहून जातं. जॉन सीली ब्राउन आणि रिचर्ड बर्टन यांनी १९७८ मध्ये वजाबाकीतल्या अशा चुकांची पद्धतशीर मांडणी केली. त्यांच्या ‘बगी’ या संगणक कार्यक्रमात गंमत अशी, की संगणक विद्यार्थी व्हायचा. तो एक ठरावीक चूक मनात धरून गणितं सोडवायचा आणि ती चूक कोणती हे शिक्षकाने ओळखायचं. वर्गात तंत्रज्ञान कुठे बसवावं याचं इतकं नेमकं उत्तर त्यानंतर फार थोड्यांनी दिलं आहे.

वर्गात दोन तऱ्हेचे कष्ट असतात. वह्या तपासणं, हजेरी, प्रश्न काढणं, तक्ते भरणं हे शिक्षकाचे. आठवायचा प्रयत्न करणं, अडणं, चुकणं, खोडून पुन्हा मांडणं हे मुलाचे. पहिले कमी झाले तर शिकवणं सुधारतं. दुसरे कमी झाले तर शिकणंच थांबतं. आज आलेली आणि येऊ घातलेली साधनं दोन्ही कष्ट सारख्याच सहजतेने कमी करतात, आणि जाहिरात मात्र बहुतेक वेळा मुलाचे कष्ट वाचवण्याची होते. येत्या काळातल्या वर्गाबद्दलचा खरा वाद इथे आहे.

‘शिक्षकाची जागा यंत्र घेईल’ हे भाकीत तर शंभर वर्षांहून जुनं आहे. १९१३ मध्ये थॉमस एडिसन यांनी सांगितलं होतं, की शाळांतली पुस्तकं लवकरच कालबाह्य होतील आणि चलच्चित्रांमुळे शालेय व्यवस्था दहा वर्षांत पूर्ण बदलेल. मग सिडनी प्रेसी यांचं चाचणी घेणारं यंत्र आलं, १९५० च्या दशकात बी. एफ. स्किनर यांचं शिकवणारं यंत्र आलं, १९६० मध्ये इलिनॉय विद्यापीठात ‘प्लेटो’ ही संगणकप्रणाली सुरू झाली. २०१२ च्या सुमारास जगातल्या नामवंत प्राध्यापकांची व्याख्यानं फुकटात पडद्यावर आली. यातलं काहीच वाया गेलं नाही, पण शाळा होती तिथेच राहिली. या सगळ्यांनी ‘समजावून सांगणं’ स्वस्त केलं, आणि समजावून सांगणाऱ्यांचा तुटवडा ही वर्गाची मुख्य अडचण कधी नव्हतीच. एका खोलीत चाळीस मुलं चाळीस ठिकाणी अडलेली असतात आणि कोण कुठे अडलंय हे वेळेत कळत नाही, ही अडचण आहे.

हस्ताक्षर वाचणारी आणि भाषा समजणारी आजची साधनं नेमकं इथे उपयोगी पडू शकतात. समजा तासिका ४० मिनिटांची आहे. शेवटच्या पाच मिनिटांत फळ्यावर एकच प्रश्न द्यायचा, मुलांनी तो कोऱ्या चिठ्ठीवर पायऱ्यांसकट सोडवायचा. पाठ्यपुस्तकातलाच प्रश्न नको, पण त्याच जातीचा हवा. चिठ्ठीवर नावाऐवजी हजेरी क्रमांक. शिक्षकाने चिठ्ठ्यांचे फोटो काढून यंत्राला द्यायचे आणि सांगायचं : गुण देऊ नकोस, चुकांच्या कारणांनुसार चारपर्यंत गठ्ठे कर, प्रत्येक गठ्ठ्याला कारण एका ओळीत लिही, वाचता न आलेल्या चिठ्ठ्या वेगळ्या ठेव. यानंतरची पायरी टाळली जाते आणि घोळ तिथेच होतो. प्रत्येक गठ्ठ्यातल्या किमान पाच चिठ्ठ्या शिक्षकाने स्वतःच्या डोळ्यांनी बघायच्या. वर्गीकरण पटलं तर दुसऱ्या दिवशीची पहिली आठ-दहा मिनिटं त्या गठ्ठ्यांसाठी ठेवायची. नाही पटलं तर गठ्ठे मोडायचे.

डोळ्यांनी बघायचं, कारण यंत्र ठरावीक जागी चुकतं. देवनागरीतला एक आंतरराष्ट्रीय आकड्यांतल्या नऊसारखा दिसतो; दोन्ही लिपींचे आकडे मिसळून लिहिणाऱ्या मुलाची चिठ्ठी हमखास चुकीच्या गठ्ठ्यात जाते. खोडलेला अंक आणि हातच्याचा वर लिहिलेला बारीक अंक यांतही गल्लत होते. शिवाय उत्तर बरोबर दिसलं की यंत्र पायऱ्यांकडे कानाडोळा करतं, आणि दोन चुका एकमेकींना खाऊन बरोबर आलेलं उत्तर निसटतं. आणखी एक अडचण आपल्या भाषेची. ज्या भाषांतला मजकूर इंटरनेटवर कमी, त्या भाषांत या साधनांमागची भाषेची प्रारूपं (मॉडेल) कच्ची असतात. इंग्रजीत सफाईने लिहिणारं प्रारूप मराठीत ‘छेद’ आणि ‘अंश’ यांची अदलाबदल करू शकतं, आणि तेही पूर्ण आत्मविश्वासाने.

प्रश्न काढून घेणं हा दुसरा मोठा उपयोग. पण ‘अपूर्णांकांवर दहा बहुपर्यायी प्रश्न दे’ एवढंच म्हटलं तर तीन पर्याय कोणीही निवडणार नाही असे येतात. चुकीचा प्रत्येक पर्याय एका ओळखीच्या गैरसमजातून यायला हवा, आणि तो गैरसमज मागणीतच लिहायला हवा. उदाहरणार्थ, ‘दशांश चिन्हानंतर अंक जास्त तर संख्या मोठी’ असं मानणारं मूल ०.५ पेक्षा ०.४५ मोठी समजेल. ‘छेद मोठा तर अपूर्णांक मोठा’ मानणारं ३/५ पेक्षा ३/८ मोठा समजेल. असे पर्याय असले की मुलाची निवडच निदान सांगते. दहा प्रश्न मागवावेत, सगळे स्वतः सोडवावेत आणि निम्मे टाकून द्यायची तयारी ठेवावी. एवढं करूनही एरवीच्या वेळेपेक्षा कमी वेळ लागतो, म्हणून हे सुचवतो.

आता मुलाच्या हातातल्या यंत्राकडे येऊ. इथे शिक्षणशास्त्रज्ञ बेंजामिन ब्लूम यांच्या १९८४ च्या निबंधाचा हवाला हटकून दिला जातो. एकास एक शिकवणी मिळालेलं सर्वसाधारण मूल नेहमीच्या वर्गातल्या मुलांपेक्षा दोन प्रमाण विचलनांइतकं पुढे जातं, असं त्यांनी मांडलं होतं. (प्रमाण विचलन म्हणजे मुलांचे गुण सरासरीपासून किती विखुरलेले आहेत याचं माप.) मग विक्रेता म्हणतो, हा घ्या प्रत्येक मुलाला स्वतंत्र शिक्षक. मात्र कर्ट व्हॅनलेन यांनी २०११ मध्ये अनेक अभ्यास एकत्र तपासले, तेव्हा माणसाच्या शिकवणीचा परिणाम याच मापात सुमारे ०.७९ निघाला आणि पायरीपायरीने तपासणाऱ्या संगणकीय शिकवणीचा ०.७६. आकडा दोनवरून पाऊणवर आला, पण माणूस आणि यंत्र जवळजवळ बरोबरीत होते. यातला ‘पायरीपायरीने’ हा शब्द महत्त्वाचा. ही यंत्रं उत्तर देत नव्हती. मूल जी पायरी लिहील ती तपासत होती.

उत्तर देणारं यंत्र दिलं तर काय होतं, याचा धडा तुर्कस्तानातल्या एका माध्यमिक शाळेत झालेल्या प्रयोगाने दिला. हमसा बस्तानी आणि सहकाऱ्यांनी जवळपास एक हजार विद्यार्थ्यांवर तो केला. एका गटाला सरावाच्या वेळी साधा चॅटबॉट दिला, दुसऱ्याला शिक्षकांनी सूचना घालून तयार केलेला चॅटबॉट, जो उत्तर न सांगता इशारे देत होता, आणि तिसऱ्याला फक्त वही-पुस्तक. सराव चालू असताना पहिला गट वही-पुस्तकवाल्यांपेक्षा ४८ टक्के पुढे आणि दुसरा १२७ टक्के पुढे. मग यंत्र काढून घेऊन परीक्षा घेतली. साधा चॅटबॉट वापरलेली मुलं वही-पुस्तकवाल्यांपेक्षा १७ टक्के मागे पडली. इशारेवाल्या गटाचं हे नुकसान जवळजवळ भरून निघालं, पण तोही वही-पुस्तकवाल्यांच्या पुढे गेला नाही. पहिल्या गटातल्या मुलांना आपण मागे पडलोय याची जाणीवही नव्हती.

ही जाणीव नसणं मला १७ टक्क्यांपेक्षा अधिक गंभीर वाटतं. सोपं वाटणं म्हणजे समजणं, हा घोटाळा यंत्राने आणलेला नाही. रोडिगर आणि कार्पिक यांच्या २००६ च्या प्रयोगात एक उतारा काहींनी चार वेळा वाचला; काहींनी एकदा वाचून तीनदा न बघता आठवून लिहिला. पाच मिनिटांनी वाचणारे पुढे होते. आठवड्याने चित्र उलटलं : आठवणाऱ्यांच्या लक्षात ६१ टक्के राहिलं, वाचणाऱ्यांच्या ४०. आठवताना होणारी ओढाताण हीच स्मरणाची मशागत. साधा चॅटबॉट नेमकी तीच काढून घेतो, आणि वर मुलाला छान वाटतं.

म्हणून मुलाच्या हाती यंत्र द्यायचंच असेल तर त्याचा क्रम ठरलेला हवा. मुलाने स्वतःची एक पायरी लिहिल्याशिवाय यंत्राने तोंड उघडू नये. पहिला इशारा प्रश्नाच्या रूपात, दुसरा नियमाची आठवण देणारा, तिसरा त्याच जातीचं सोडवलेलं वेगळं उदाहरण. मूळ प्रश्नाचं उत्तर त्या दिवशी नाहीच. मुलं यातूनही वाट काढतात. शेवटचा इशारा येईपर्यंत बटण दाबत राहणं हा प्रकार संगणकीय शिकवणी आल्यापासून माहीत आहे. त्यावर साधा उपाय म्हणजे दोन इशाऱ्यांमध्ये वीस-तीस सेकंदांचं अंतर, आणि तिसऱ्या इशाऱ्यापर्यंत गेलेला प्रश्न वेगळ्या आकड्यांनिशी दोन दिवसांनी पुन्हा समोर.

‘तुमच्या मुलाला हा घटक आला’ अशी हिरवी खूण कशी उमटते, हेही पालकांनी आणि मुख्याध्यापकांनी समजून घ्यावं. अल्बर्ट कॉर्बेट आणि जॉन अँडरसन यांच्या १९९० च्या दशकातल्या पद्धतीत चार आकडे असतात : मुलाला आधीच येत असण्याची शक्यता, प्रत्येक प्रयत्नागणिक शिकण्याची शक्यता, येत नसताना अंदाजाने बरोबर येण्याची आणि येत असताना नजरचुकीने चुकण्याची. प्रत्येक उत्तरानंतर हिशोब पुढे सरकतो आणि शक्यता ०.९५ झाली की घटक ‘आला’. पद्धत हुशार आहे, पण तिच्या मूळ रूपात विसरणं हे गृहीतच धरलेलं नाही. एकदा आलं म्हणजे कायमचं आलं! त्यामुळे सत्राच्या सुरुवातीला हिरवी झालेली खूण परीक्षेच्या वेळीही हिरवीच दिसते, डोक्यात मात्र काही उरलेलं नसतं. आणि एका उपकरणावर दोन मुलं आळीपाळीने बसत असतील तर तो हिशोब कोणाचाच नसतो.

निबंध आणि गृहपाठ यांचं काय करायचं, यावर बरंच रडगाणं गायलं गेलंय. मजकूर यंत्राने लिहिला का हे ओळखणाऱ्या साधनांच्या नादी शाळांनी लागू नये, एवढं पुरेसं आहे. ओपनएआय या कंपनीनेच आपलं असं साधन जुलै २०२३ मध्ये अचूकता कमी म्हणून बंद केलं. त्याच वर्षी स्टॅनफर्डच्या संशोधकांनी अशी सात साधनं तपासली. इंग्रजी मातृभाषा नसलेल्यांनी स्वतः लिहिलेल्या निबंधांपैकी सरासरी ६१ टक्के निबंधांवर त्यांनी ‘यंत्राने लिहिलेला’ असा शिक्का मारला होता. प्रामाणिक मुलाला चोर ठरवणारं साधन शाळेत नको. त्याऐवजी मुद्दे काढणं आणि पहिला खर्डा वर्गात, हाताने. घरी फक्त सुधारणा. आणि रोज पाच मुलांना दोन-दोन मिनिटं आपल्याच लेखनावर प्रश्न. दहा मिनिटांत पाच, म्हणजे चाळीस मुलांचा फेरा आठ दिवसांत पुरा होतो. चाळिसांनाही एकदम विचारायला जाल तर दोन तासिका जातील आणि पुढच्या महिन्यात हा उपक्रम बंद पडेल.

आभासी वास्तवाच्या चष्म्यांबद्दल माझं मत फारसं अनुकूल नाही. माक्रांस्की, टर्किल्डसेन आणि मेयर यांनी विज्ञानाचा एकच आभासी प्रयोग साध्या पडद्यावर आणि चष्म्यातून देऊन बघितला. चष्मेवाल्यांना आपण तिथेच आहोत असं जास्त वाटलं, पण ते शिकले कमी. त्यात वर्गातली व्यवहाराची बाजू बघा. चष्मे वाटणं, पट्टे बसवणं, कोणाचा चालू होत नाही, कोणाचा चार्ज नाही, कोणाला गरगरतंय. चाळीसपैकी दहा-बारा मिनिटं यातच जातात. गरगरण्याचं एक कारण असं, की डोळ्यांना आपण हलतोय असं दिसतं, पण कानातल्या तोल सांभाळणाऱ्या इंद्रियाला तसं जाणवत नाही. जिथे प्रत्यक्ष जाणं धोक्याचं किंवा अशक्य आहे, तिथे चष्म्याला जागा आहे, तीही दहा मिनिटांची. विद्युत मंडल शिकायला तार, बॅटरी आणि बल्बच बरा. ते जमत नसेल तर कोलोरॅडो विद्यापीठाच्या ‘फेट’ प्रकल्पातली मोफत प्रतिरूपं (पडद्यावर करून बघायचे प्रयोग) साध्या संगणकावर चालतात.

मुलांवर पाळत ठेवणाऱ्या साधनांना तर दारातूनच परत पाठवावं. चेहऱ्यावरून ‘लक्ष आहे की नाही’ ओळखण्याचा दावा मुळातच डळमळीत आहे. खिडकीबाहेर बघणारं मूल गणितच करत असू शकतं. युरोपीय संघाच्या कृत्रिम बुद्धिमत्ता कायद्याने शिक्षणसंस्थांत भावना ओळखणारी यंत्रणा वापरण्यावर, वैद्यकीय आणि सुरक्षेची कारणं वगळता, फेब्रुवारी २०२५ पासून बंदी आणली. स्वीडनमध्ये चेहऱ्यावरून हजेरी घेणाऱ्या एका शाळेच्या प्रकरणात २०१९ मध्येच दंड झाला होता. हजेरीला दोन मिनिटं लागतात, आणि त्या दोन मिनिटांत शिक्षक प्रत्येक चेहऱ्याकडे एकदा बघतो. तेवढे कष्ट वाचवायची गरज नाही.

या सगळ्यावर एक आक्षेप वजनदार आहे. जिथे शिक्षकच नाही, किंवा एकच शिक्षक चार इयत्ता सांभाळतो, तिथे ही चिकित्सा चैनीची वाटते. काहीच नसण्यापेक्षा यंत्र बरं. खरं आहे, बरं आहे. पण कितपत, हे पाहून ठेवलेलं चांगलं. एमआयटी आणि हार्वर्ड यांच्या मुक्त ऑनलाइन अभ्यासक्रमांत २०१७-१८ मध्ये नोंदणी केलेल्यांपैकी सुमारे ३ टक्क्यांनीच अभ्यासक्रम पुरा केला. तीही स्वतःहून आलेली प्रौढ माणसं. नऊ वर्षांच्या मुलाला पडद्यासमोर एकटं बसवून याहून जास्त अपेक्षा कशी धरायची? बसतं करायला, ‘काल कुठे अडलं होतं?’ विचारायला माणूस लागतोच. भीती अशी आहे, की एकदा यंत्र पोहोचलं की माणूस पाठवण्याची घाई संपते. आणि मग ज्यांना परवडतं त्यांच्या मुलांना शिक्षक, बाकीच्यांना चॅटबॉट, अशी वाटणी गुपचूप होऊन जाते.

यंत्र माणसाच्या हाताशी दिलं तर काय होतं, याचं एक चांगलं उदाहरण आहे. स्टॅनफर्डच्या संशोधकांनी २०२४ मध्ये ऑनलाइन शिकवणी घेणाऱ्या ९०० शिक्षकांसोबत, १,८०० मुलांच्या शिकवणीत, एक मदतनीस वापरून बघितला. मूल अडलं की तो मुलाशी बोलत नसे; शिक्षकाला पुढचा प्रश्न किंवा इशारा सुचवत असे. घटक पक्का होण्याचं प्रमाण सरासरी ४ टक्के-बिंदूंनी वाढलं, आणि एरवी कमी पडणाऱ्या शिक्षकांच्या मुलांत ९ नी. म्हणजे फायदा सर्वांत जास्त झाला तो जिथे गरज जास्त होती तिथे. खर्च एका शिक्षकामागे वर्षाला सुमारे २० डॉलर.

मग पैसे कुठे घालायचे? चाळीस मुलांना चाळीस टॅब दिले आणि प्रत्येकी ३ एमबीपीएस इंटरनेटचा वेग धरला तरी १२० एमबीपीएस लागतात, आणि सगळी मुलं तासाच्या पहिल्या दोन मिनिटांत एकदमच आत शिरतात. इथेच बरेच प्रयोग बुडतात. शिक्षकाला एक चांगला फोन, वर्गात एक पडदा आणि कोऱ्या चिठ्ठ्यांचा गठ्ठा यांत वर सांगितलेलं निदानाचं सगळं काम होतं.

आणि निकालाची घाई नको. अमेरिकेच्या सात राज्यांतल्या शाळांत बीजगणिताच्या ‘कॉग्निटिव्ह ट्यूटर’ या संगणकाधारित अभ्यासक्रमाची पाहणी रँड या संशोधन संस्थेने केली. पहिल्या वर्षी परिणाम शून्य. दुसऱ्या वर्षी, तेच सॉफ्टवेअर वापरून, वरच्या माध्यमिक शाळांत सुमारे ०.२० प्रमाण विचलनाची सुधारणा, म्हणजे पन्नासाव्या शतमकावरचं (शंभरातल्या पन्नास जणांच्या पुढे असलेलं) मूल अठ्ठावन्नाव्यावर. अनेक ठिकाणी खरेदीचा आढावा पहिल्याच वर्षाअखेर घेतला जातो आणि तिथेच योजना गुंडाळली जाते. नाहीतर दुसरं टोक : योजना चालू राहते, पण जिला ती वापरता येऊ लागली त्या शिक्षिकेला दुसऱ्या वर्षी वेगळी इयत्ता मिळते, आणि नवा शिक्षक पहिल्या वर्षापासून सुरुवात करतो.